वडिलांच्या माघारी राहिलेली ठासणीची बंदूक : परवाना पुढे चालवावा का?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

माझे वडील गेल्या मार्गशीर्षात वारले. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे कणकुंबीच्या बाजूला आमचे गाव आहे आणि परसातून बाहेर पडले की जंगलच लागते. वडिलांच्या नावावर शेती संरक्षणासाठी दिलेल्या ठासणीच्या बंदुकीचा परवाना होता, जो आजोबांकडून त्यांच्याकडे आला होता. आता आम्हा दोघा भावांपैकी एकाने वारस म्हणून तो आपल्या नावावर करून घ्यावा, असे दादाचे आणि गावातल्या जाणत्या माणसांचे म्हणणे आहे. दादा गावात राहून शेती पाहतो, मी बेळगावात नोकरी करतो. त्याच्या अर्जासोबत माझे संमतीपत्र जोडायचे आहे आणि त्यावर सही करताना माझा हात थांबला आहे.

ही बंदूक माझ्या लहानपणापासून माजघरात, देव्हाऱ्याच्या डावीकडे, दोन खुंट्यांवर आडवी असायची. खंडेनवमीला ती खाली उतरायची. वडील तेलाच्या चिंधीने तिची नळी पुसायचे, दस्त्याला हळदकुंकू लावायचे आणि विळा, कोयता, नांगराचा फाळ यांच्या रांगेत ठेवून तिला झेंडूची माळ घालायचे. भात पोटरीला आले की ते रात्री माळ्यावर राखणीला जायचे. आधी नळीत दारू, त्यावर चिंध्यांचा बोळा, मग गजाने ठासणे, मग छरे आणि पुन्हा बोळा, असा तो सगळा सोहळा मी बत्तीच्या उजेडात अनेकदा पाहिला आहे. बहुतेक वेळा ते छरे घालतच नसत. नुसत्या आवाजाच्या बाराने रानडुकरांचा कळप ओढ्यापलीकडे जात असे आणि तेवढेच त्यांना हवे असे.

आता ज्यामुळे मी थांबलो आहे ते सांगतो, आणि दादाला विचारूनच सांगतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि परवान्याची सर्व शस्त्रे ठाण्यात जमा करावीत अशी नोटीस आली. नोटीस कन्नडमध्ये होती. शेजारच्या दहावीतल्या मुलीने ती वडिलांना वाचून दाखवली. वडिलांनी बंदूक जमा केली आणि पावती पाकिटात घालून ठेवली. आमच्या भागाचे मतदान ७ मे रोजी आणि मतमोजणी ४ जून रोजी होती, त्यामुळे खुंट्या अडीच महिन्यांहून अधिक काळ मोकळ्या राहिल्या. एप्रिलच्या अखेरीस बांधावरच्या काजूच्या तीन झाडांवरून दादाचे आणि आमच्या चुलतभावाचे भांडण झाले. चुलतभाऊ आईवरून काहीतरी बोलला. दादा वळला, धावत घरात आला आणि त्याचा हात थेट त्या खुंट्यांकडे गेला. आई तेव्हा माजघरात तांदूळ निवडत बसली होती आणि तिने ते पाहिले. मोकळ्या खुंटीवर हात ठेवून तो क्षणभर उभा राहिला, मग कोपऱ्यातली काठी उचलून बाहेर गेला. चुलतभावाच्या डोक्याला सात टाके पडले. आज दोघेही हयात आहेत, वडिलांच्या बाराव्याला दोघांनी मिळून पंगत वाढली आणि काजूची झाडे अजून तिथेच आहेत.

माझा दादा गुंड नाही. तो दारू पीत नाही, कोणाचे पैसे बुडवत नाही आणि कोणाच्या अडीअडचणीला सर्वांत आधी धावून जातो. म्हणूनच मला भीती वाटते. परवाना देताना माणूस चांगला आहे का हे विचारले जाते, आणि आमच्या बाबतीत त्याचे उत्तर होय असेच येणार. पण त्या दिवशी चुलतभाऊ वाचला तो खुंट्या रिकाम्या होत्या म्हणून, माणूस चांगला होता म्हणून नव्हे. जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे.

घाटमाथा

आपली भीती समजली, पण माझी बाजूही ऐकून घ्यावी. त्याच अडीच महिन्यांत माझीही बंदूक ठाण्यात होती आणि माझा अर्धा एकर ऊस रानडुकरांनी लोळवला. ज्यांनी कधी राखण केलेली नाही, त्यांना रात्री दोन वाजता उसात कडाकड आवाज सुरू झाल्यावर पोटात काय होते ते कळणार नाही. गव्याला मारता येत नाही, मारूही नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला कडक संरक्षण आहे आणि ते आम्हाला मान्य आहे. पण आवाजाचा बार काढण्याची सोयही काढून घेतली तर माणसे उघड्या तारेत वीज सोडतात किंवा डुकरांसाठी गावठी बॉम्ब पेरतात. त्यात गुरे मरतात, हत्ती मरतात आणि कधी पहाटे पाणी पाजायला निघालेला शेतकरीच मरतो. परवान्याची ठासणीची बंदूक या सगळ्यापेक्षा सुरक्षित आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

आपल्याच राज्यात कोडगूकडे पाहावे. कोडव समाजाला आणि जम्मा (वंशपरंपरागत हक्काच्या) जमीनधारकांना ब्रिटिश काळापासून शस्त्र परवान्यातून सूट आहे. केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरवली. तिथे कैलपोळ्दच्या सणाला घरोघरी बंदुकीची पूजा होते. बंदूक असली की रक्तपात होतोच, हे समीकरण तिथे लागू पडत नाही.

सांबरा_फौजी

धागाकर्त्यांना आधी एक तातडीची गोष्ट सांगतो, चर्चा नंतर करू. परवानाधारक वारल्यानंतर बंदूक घरात ठेवता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. ती अजून खुंट्यांवर असेल, तर उद्या सकाळी पहिले काम तेच करावे आणि पावती घ्यावी. वारसाने नव्या परवान्यासाठी अर्ज करण्याची तरतूद २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, पोलिसांचा अहवाल लागतो आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते. खऱ्या शेती संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कायद्याच्या कलम १३ मध्येच आहे. त्यामुळे आपला अर्ज रास्त आहे, त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

आता मूळ प्रश्न. मी मराठा लाइट इन्फंट्रीत सतरा वर्षे काढली. आमच्या गल्लीत दर चार घरांमागे एक माजी सैनिक आहे, तेव्हा बंदुकीचे अप्रूप आम्हाला नाही. लोकांना वाटते की जवान रायफल उशाला घेऊन झोपतो. शांततेच्या ठिकाणी तसे मुळीच नसते. रायफल कोतमध्ये, म्हणजे तुकडीच्या शस्त्रागारात, कुलपात असते. सकाळी सही करून घ्यायची, काम संपले की साफ करून, क्रमांक तपासून परत द्यायची. फायरिंग झाल्यावर प्रत्येक गोळीचा आणि प्रत्येक रिकाम्या पुंगळीचा हिशेब लागतो. एक पुंगळी कमी पडली म्हणून अख्ख्या तुकडीने संध्याकाळपर्यंत गवत चाळलेले मी पाहिले आहे. आणि शेवटी प्रत्येकाने मोठ्याने सांगायचे की माझ्याकडे एकही जिवंत किंवा रिकामे काडतूस नाही. ज्या माणसांना सरकारने स्वतः निवडले, शिकवले, ज्यांच्यावर देशाची सीमा सोपवली, त्यांच्याबाबतही लष्कर असे म्हणत नाही की हा चांगला माणूस आहे, राहू दे त्याच्याजवळ. खुंटीवर टांगलेल्या बंदुकीबद्दल माझे मत यातून आपल्या लक्षात यावे.

निपाणीकर

सर्वांबद्दल आदर ठेवून लिहितो की ही चर्चा हत्याराभोवती अडकली आहे आणि कारणे बाजूला राहत आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्यांपैकी ९,९६२ गुन्ह्यांमागे वाद हे कारण होते, ३,७६१ मागे वैर आणि १,८८४ मागे लाभाचा हेतू. म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक खून कुठल्या ना कुठल्या वादातून झाले. आपल्या भागातले वाद कोणते हे मी सांगायला नको : बांध, पाण्याची पाळी, वाटणी, सोसायटीचे कर्ज, आणि त्या सर्वांवर दारू. वाटणीचा दावा दोन-दोन पिढ्या चालतो, मोजणी होत नाही, झाली तर दोघांपैकी एकाला मान्य होत नाही. या वादांतले बहुतेक खून कोयत्याने, काठीने, दगडाने होतात. मग बंदुकीवर इतके बोलून काय साधणार?

आणि जिथे खरोखर बंदुकीने खून झाले, तिथे परवान्याचा संबंध कुठे होता? कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. प्रा. एम. एम. कलबुर्गी यांना त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडमध्ये त्यांच्या घराच्या दारात मारले. ही दोन्ही शहरे आपल्यापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर आहेत. त्या मारेकऱ्यांनी पिस्तुलासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला नव्हता. कायदा कडक करायचा तो गावठी कट्टे बनवणाऱ्यांसाठी आणि आणणाऱ्यांसाठी. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा वाढवल्या, पण त्याच दुरुस्तीत एका माणसाला परवान्याने ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. त्याचा फटका कोणाला बसला? ज्याने आधीच सगळे कागद दिले होते त्यालाच.

मलप्रभाकाठ

फौजीसाहेबांचे मनापासून आभार. काल सकाळीच दादाला फोन केला. त्याने बंदूक ठाण्यात जमा केली आणि पावतीचा फोटो पाठवला. वडील गेल्यापासून ती घरातच होती आणि आपण कायदा मोडतो आहोत हे आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते.

निपाणीकरांनी दिलेली आकडेवारी मला पटते, पण तिच्यातून मी वेगळा अर्थ काढतो. खुनामागे सर्वांत मोठे कारण जर वाद असेल, तर मारणारे बहुतेक जण आधीपासून खुनी नसतात. ठरवून मारणारा कुठूनही कट्टा आणेल, त्याच्यासाठी पोलीस, तपास आणि शिक्षा हेच उत्तर आहे. पण बांधावर उभा असलेला माणूस ठरवून आलेला नसतो. त्याच्या हातात त्या मिनिटाला जे येईल त्यावर सगळे ठरते. काठी लागली तर टाके पडतात, कोयता लागला तर हात जातो, आणि बार लागला तर दोन घरे उजाड होतात, एक स्मशानाकडून आणि दुसरे हिंडलग्याच्या तुरुंगाकडून. वाद मिटवायला पिढ्या लागतात हे आपणच म्हणता. मग तोवर खुंटी रिकामी ठेवणे आपल्या हातात नाही का?

दूरदेशी_शहापूरकर

शहापूरची माझी मुळे, गेली अठरा वर्षे अमेरिकेत आहे. इथे हाच वाद मी रोज ऐकतो आणि तो ऐकताना मला आपल्याकडच्या वादाची आठवण होते, कारण दोन्ही बाजू खरे बोलत असतात आणि तरी एकमेकांना ऐकत नाहीत.

इथल्या राज्यघटनेतील १७९१ ची दुसरी दुरुस्ती शस्त्र बाळगण्याचा हक्क देते आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क असल्याचा निर्वाळा दिला. म्हणजे भारतात नागरिकाने बंदूक का हवी ते सांगायचे असते, इथे सरकारने ती का नाकारली ते सांगायचे असते. देशात माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत, असा अंदाज आहे. १४ डिसेंबर २०१२ रोजी सँडी हूकच्या प्राथमिक शाळेत वीस मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली. तेव्हा वाटले होते की आता काहीतरी बदलेल. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधल्या युवाल्डीत पुन्हा एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. त्यानंतर महिन्याभरात एक मर्यादित कायदा झाला, जो जवळपास तीन दशकांतला पहिला मोठा केंद्रीय कायदा मानला गेला. माझी मुलगी पहिलीत होती तेव्हा शाळेत सराव झाला : दिवे बंद करायचे, भिंतीला टेकून खाली बसायचे, आवाज करायचा नाही. घरी येऊन तिने मला विचारले की तिचे बूट चालताना चमकतात, ते अंधारात कोणाला दिसतील का. त्या संध्याकाळी मी तिला साधे बूट आणून दिले.

इथेही प्रत्येक घटनेनंतर म्हणतात की दोष बंदुकीचा नाही, मनाच्या आजाराचा आहे, एकटेपणाचा आहे, मोडलेल्या घरांचा आहे. ही कारणे खोटी नाहीत. पण मनाचे आजार आणि मोडलेली घरे इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियातही आहेत. २८ एप्रिल १९९६ रोजी पोर्ट आर्थरमध्ये पस्तीस माणसे मारली गेल्यावर ऑस्ट्रेलियाने बारा दिवसांत सर्व प्रांतांची सहमती मिळवली आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. ते करणारे सरकार उजव्या विचारांचे होते आणि त्याला स्वतःच्या शेतकरी मतदारांचा रोष पत्करावा लागला. शेतकऱ्याच्या साध्या बंदुका मात्र परवान्याने चालू राहिल्या. घाटमाथा यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे.

आणखी एक आकडा देतो, कारण तो फारसा बोलला जात नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतील २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे घरातली बंदूक चोरापेक्षा घरच्यांवरच अधिक वेळा रोखली गेली.

परिचारिका_टिळकवाडी

शेवटच्या आकड्यामुळे लिहावेसे वाटले. मी बेळगावात अतिदक्षता विभागात काम करते. आमच्याकडे बंदुकीची जखम क्वचितच येते, पण कीटकनाशक प्यायलेली माणसे नेहमी येतात, खानापूर, बैलहोंगल, सौंदत्ती, सगळीकडून. वाचलेल्यांशी बोलताना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा ऐकली आहे की तासाभरापूर्वी त्यांच्या मनात तसले काही नव्हते. घरात भांडण झाले, बाटली गोठ्यात होती, उचलली. ती शेजारच्या गावात असती तर वाटेतच मन परतले असते. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. त्या वीस वर्षांत तिथे यादवी युद्धही होते आणि गरिबीही होती. दुःख तेच राहिले, फक्त हाताशी असलेले साधन कमी जहाल झाले. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये जवानांनी सुट्टीला घरी जाताना रायफल नेऊ नये असा नियम केला, तेव्हाही तरुण जवानांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. फौजीदादांनी कोतचे जे सांगितले, त्याला हा पुरावा जोडून घ्यावा.

दुसरी गोष्ट लिहिताना मला जड जाते. माझ्या माहेरी, चंदगडच्या बाजूला, अशीच बंदूक होती. काकांनी ती कधी कोणावर रोखली नाही. ते चिडले की फक्त तिच्याकडे पाहायचे. काकू बोलता बोलता थांबायची, आम्ही मुले ताटावरून उठायचो. तीस वर्षांत त्या बंदुकीतून माणसाला एकही छरा लागला नाही, म्हणून सरकारी कागदावर तिचा गैरवापर शून्य आहे. परवाना देताना पोलीस शेजाऱ्यांना विचारतात, गावच्या पुढाऱ्यांना विचारतात. घरातल्या बाईला, तीही एकटी असताना, कोणी विचारत नाही.

घाटमाथा

ताई, आपले लिहिणे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. आमच्या घरीही बंदूक समोरच्या भिंतीवर आहे. बायकोला आज प्रथमच विचारले. ती म्हणाली, आत ठेवली तर बरे होईल, पोरे मोठी होत आहेत. एवढेच म्हणाली. राखणीसाठी ती लागतेच, यावर मी ठाम आहे. पण राखण शिवारात असते, माजघरात नाही, हे मला मान्य करावे लागेल.

सीमाभाग_जुना

एक मुद्दा राहून गेला म्हणून थोडक्यात नोंदवतो. शस्त्रे फक्त सरकारजवळ असावीत, हे वाक्य आपल्या भागात सहज उच्चारता येत नाही. १७ जानेवारी १९५६ चा आणि १ जून १९८६ चा पोलिसांचा गोळीबार इथल्या घरांनी पाहिला आहे आणि हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर आम्ही दर वर्षी फुले वाहतो. त्यातून मी असा निष्कर्ष काढत नाही की लोकांनी बंदुका घ्याव्यात; साठ वर्षांहून अधिक काळ मराठी सीमाभाग महाराष्ट्रात यावा यासाठीचा हा लढा मोर्चाने, मतपेटीने आणि न्यायालयातून चालला आहे आणि तसाच चालावा. पण ज्या नियमाने शेतकऱ्याच्या बाराचा हिशेब मागितला जातो, त्याच काटेकोरपणे पोलिसांच्या गोळीचाही मागितला जावा. आणि नोटिसा मराठीतही द्याव्यात. कायदा पाळायचा तर तो आधी वाचता आला पाहिजे.

मलप्रभाकाठ

सर्वांचे प्रतिसाद छापून घेऊन शनिवारी गावी गेलो होतो. दादा मोबाइलवर मोठे लिखाण वाचत नाही, म्हणून मी पडवीत बसून वाचून दाखवले. आईही दाराशी बसली होती. परिचारिकाताईंचा प्रतिसाद वाचताना ती उठून आत गेली आणि थोड्या वेळाने परत आली.

दादाने पहिल्यांदा त्या दिवसाबद्दल स्वतःहून सांगितले. तो म्हणाला की खुंटीवर हात पडेपर्यंत आपण कशासाठी आत आलो हेही त्याला कळत नव्हते. बंदूक असती तर ती भरायला लागणाऱ्या वेळात शुद्धीवर आलो असतो, असे तो इतके दिवस स्वतःला समजावत होता. पण वडील राखणीच्या दिवसांत ती भरूनच ठेवत, हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत आहे. त्यावर आम्ही दोघेही गप्प बसलो.

ठरले ते असे. परवान्यासाठी दादाच अर्ज करील आणि मी संमतीपत्रावर सही केली आहे, कारण घाटमाथा म्हणतात ती राखणीची गरज खरी आहे आणि तारेत वीज सोडण्याची वेळ आमच्यावर येऊ नये. बंदूक परत आली की धान्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात कुलपात राहील. दारू आणि ती पेटवणाऱ्या टोप्या आईच्या ट्रंकेत राहतील आणि दोन्ही किल्ल्या आईकडे. राखणीला जाताना दादा तिच्याकडून मागून घेईल आणि पहाटे नळी रिकामी करून परत देईल. ही अट आईने घातली. तिने आणखी एक सांगितले की चुलतभावाला बोलावून काजूच्या झाडांच्या बांधाची मोजणी याच उन्हाळ्यात करून घ्यायची, खर्च अर्धा अर्धा. चुलतभाऊ रविवारी सकाळी येऊन हो म्हणून गेला. खुंट्या दादाने त्याच दिवशी उपसल्या. भिंतीत दोन भोके राहिली आहेत, ती शेणामातीने बुजवायची आहेत.

अर्ज कन्नडमध्ये भरावा लागणार आहे. खानापुरात तो नीट भरून देणारे आणि वैद्यकीय प्रमाणपत्राचा नमुना माहीत असणारे कोणी या धाग्यावर असल्यास कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. फौजीसाहेब, कपाटासाठी कुलूप कोणते घ्यावे, तेवढे सांगावे.